थापी हातात आली त्या दिवसापासून

नीरजेचा दिवस पहाटे चार वाजता सुरू व्हायचा. चिकपेटेतल्या त्या गल्लीत तेव्हा दूधवाल्याच्या सायकलीखेरीज कुणाची हालचाल नसे. बंबात काटक्या सारायच्या, आंघोळ उरकायची, डब्यात दहीभात आणि लिंबाची फोड भरायची आणि स्टेशनची वाट धरायची. येलहंक्याला गाडी पोचेपर्यंत उजाडलेलं असे. सातला हजेरी. सातला म्हणजे सातला; पाच मिनिटं उशीर झाला तर पिराजी मेस्त्री अर्धा दिवस मांडायचा.

साल १९५७. नीरजा एकवीस वर्षांची होती. इंटर सायन्स झाल्यावर दोन वर्षं तिने एका इंजिनियरच्या कचेरीत ट्रेसिंगचं काम केलं होतं. दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर मेणकापड पसरायचं आणि त्याच्या रेघांवरून आपल्या रेघा ओढायच्या. दोन वर्षांत तिने चाळीसेक घरं अशी गिरवली. त्यातलं एकही तिने उभं राहताना पाहिलं नाही. त्या कंटाळ्यातून तिने जर्मनीतल्या श्टुटगार्टला वास्तुकलेच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. उत्तर आलं ते असं: जागा आहे, शिष्यवृत्तीही मिळेल, जहाजाच्या भाड्यासकट. मात्र त्याआधी सव्वीस आठवडे बांधकामावर स्वतःच्या हाताने गवंडीकाम केल्याचा दाखला पाहिजे. त्यावर सही बांधकामावरच्या मुख्य गवंड्याची.

तिचे वडील हयवदनराव सरकारी कचेरीत नकलनवीस होते. जे लिहिलंय तेच उतरवायचं, काना-मात्रेचाही फरक करायचा नाही, हे पंचवीस वर्षं केलेला माणूस. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"सरी, ठीक आहे. लिहिलंय तसं कर," ते म्हणाले. "पण पुढच्या एप्रिलअखेर हा फॉर्म भरून टपालात पडला पाहिजे. नाही पडला तर बिंदुमाधवाच्या घरी लग्नाला होकार कळवायचा. ते लोक दोन वर्षं थांबलेत."

"कळवा, अण्णा," नीरजा म्हणाली. "नाही पडला तर."

आई, वसुमतीबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "सोयऱ्यांनी विचारलं तर काय सांगू? मुलगी विटा वाहते?"

यावर तोड काढली ती अप्पासाहेबांनी. ते कंत्राटदार, वडिलांचे जुने स्नेही. येलहंक्याला एका शाळेची इमारत बांधत होते. कॉफीचा पेला हातात घेऊन म्हणाले, "अहो, सही म्हणजे दोन मिनिटांचं काम. मुलीला कशाला उन्हात घालता? उद्या माझ्याबरोबर पाठवा."

नीरजा त्यांच्या मोटारीतून गेली. हे तिने पुढे कधी लपवलं नाही. सोपी वाट समोर आली आणि ती मोटारीत बसली.

पिराजी मेस्त्री खानापुराकडचा. चाळिशी उलटलेला, काटक, बोलणं तोलून. तो पाडावर, बांबूच्या परांचीवर, उभा राहून विटांचा थर बघत होता. अप्पासाहेबांनी खालून हाक मारली, तसा उतरला. फॉर्म हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

"ह्यात काय लिवलंय?"

"हिने सव्वीस आठवडे तुझ्या हाताखाली भिंत बांधली, असं."

"कुठली भिंत?"

"अरे, कुठली तरी. एवढ्या भिंती आहेत."

"दावा की," पिराजी म्हणाला. "वळंबा लावून बघतो, सरळ असली तर सही करतो."

पाडावरचे गवंडी हसले. अप्पासाहेबही हसले, जरा उशिरा. नीरजा मात्र मान खाली घालून उभी होती. दुसऱ्या दिवशी ती पहाटेच्या गाडीने एकटी आली आणि हजेरीच्या रांगेत बायकांच्या मागे जाऊन उभी राहिली.

पिराजीने तिच्याकडे पाहिलं. "बुट्टी उचलणार?"

"उचलते."

बुट्टी म्हणजे वेताची टोपली. ओला माल, म्हणजे कालवलेलं वाळू-सिमेंट, भरला की पंचवीस-तीस शेर भरते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बुट्टी, आणि बांबूच्या चढणीवरून वर. पहिल्या दिवशी नीरजेच्या अकरा खेपा झाल्या. बाकीच्या बायकांच्या साठ झाल्या. घरी जाऊन ती जेवली नाही, कारण मान खाली वाकेना. दुसऱ्या दिवशी सतरा. हे लिहायला सोपं आहे. ज्याने वाहिलंय त्याला कळेल की अकराचे सतरा होतात ते मानेत नव्हे, पायात होतात. पावलाची लय सापडावी लागते. तिला ती तिसऱ्या आठवड्यात सापडली. मग तिच्या चाळीस खेपा होऊ लागल्या आणि बायकांनी तिला डबा खायला आपल्यात बोलावलं.

असे अडीच महिने गेले. ऑगस्टात एक दिवस तिने फॉर्म पुढे केला. "मेस्त्री, दहा आठवडे झाले. तेवढ्यापुरती खूण करून ठेवता?"

पिराजीने विचारलं, "कंचं काम म्हणून लिवलंय? शबुद वाच."

"गवंडीकाम."

"आणि तू काय केलंस?"

"माल वाहिला."

"मग?"

तिने विचारच केला नव्हता. बांधकामावर घाम गाळला म्हणजे दिवस भरला, असं ती धरून चालली होती. कागद नीट न वाचल्याचे दहा आठवडे गेले. तेही नकलनविसाच्या मुलीचे. ती विटांच्या ढिगावर बसली, थोडा वेळ हाताच्या घट्ट्यांकडे पाहत राहिली, आणि उठली.

"मग मला थापी द्या."

आसपासचं काम थांबलं. त्या कामावर पन्नास-साठ माणसं होती; निम्म्या बायका. बायका माल वाहत, पाणी मारत, खडी फोडत. थापी एकीच्याही हातात कधी गेली नव्हती. बाईची मजुरी वेगळी, गवंड्याची वेगळी. कुणी तसं लिहून ठेवलेलं नव्हतं, म्हणून ते पुसताही येत नव्हतं.

यल्लाप्पा नावाचा गवंडी वरून ओरडला, "मेस्त्री, आज हिला थापी दिली तर उद्या माझी बायको बी मागंल. मग मी काय घरात बसून भाकऱ्या थापू?"

"थाप की," पिराजी म्हणाला. "तुझ्या गिलाव्यापेक्षा बऱ्या होतील."

मग तो नीरजेकडे वळला. "पाचला शिट्टी झाल्यावर थांब. तुझी गाडी सहाला. मधला वेळ माझा. माल मिळणार न्हाई, मातीत बांधायचं. दिवसभर बुट्टी चुकणार न्हाई. जमतंय?"

"जमतंय."

चुन्याच्या हौदामागे मोकळी जागा होती. तिथे ती रोज तासभर भिंत बांधायची आणि रोज पिराजी ती पाडायला लावायचा. पहिली भिंत उभ्या सांध्यांवर सांधे आल्यामुळे पाडली. "सांधमोड कुठं हाय? वरची वीट खालच्या दोघींच्या मधी बसली पायजे. तुझी भिंत उभी न्हाई, नुसती रचून ठेवलीय." दुसरी ओळंब्यात नव्हती. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "भिंत भाईर गेलीय. दोन सूत आत घे," आणि निघून गेला.

परत आला तेव्हा नीरजेने भिंतीच्या आतल्या बाजूने दोन दोऱ्या ताणून बांधल्या होत्या. खुंट्याही ठोकल्या होत्या, नीट मोजून.

"हे काय?"

"दोन सूत."

गवंड्याच्या भाषेत इंचाचे आठ भाग, त्यातला एक म्हणजे सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच. चिकपेटेत, कापडाच्या दुकानांमागे वाढलेल्या मुलीला सूत म्हणजे धागा. तिने दोन धागे आत घेतले होते. यल्लाप्पाला कळलं तेव्हा तो पोट धरून बसला, आणि पुढे महिनाभर तिला "दोनसुती" म्हणून हाक मारत होता. तिने ती हाक मुकाट्याने घेतली. मात्र सूत ती पुन्हा चुकली नाही. डोळ्यानेच सांगायची, दीड आहे की दोन.

अशा एकोणतीस भिंती तिने बांधल्या आणि पाडल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा. त्या दिवशी गवंडी थापीला हात लावत नाही. थापी धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर ठेवतो. पिराजीच्या खोलीपुढे पाट मांडला होता. ओळंबा, गुण्या, पाणसळ, छिन्न्या, आणि ओळीने थाप्या. कामावर गवंडी अकरा. ज्याची थापी पाटावर, तो गवंडी. पिराजीची बायको भागुबाई हळद लावत होती.

ती थांबली. "अवं, ह्या बारा हायत."

"बाराच हायत," पिराजी म्हणाला. "बारावी त्या पोरीची."

यल्लाप्पाने तोंड उघडलं, पाटाकडे पाहिलं आणि मिटलं. पूजेला लागलेल्या हत्यारावर वाद घालायची त्याची तयारी नव्हती. दसरा झाल्यावर नीरजा पाडावर चढली. पिराजीने तिला शाळेची मागची भिंत दिली, जिथून कुणी येणार-जाणार नव्हतं.

"आजपासून धर," तो म्हणाला. "थापी हातात आली त्या दिवसापासून. सव्वीस आठवड्यांचे दिवस एकशे छप्पन. एक कमी चालणार न्हाई."

चांगला गवंडी दिवसाला सहाशे विटा लावतो. नीरजेच्या दीडशे झाल्या. नोव्हेंबरात अडीचशे, नाताळाच्या सुमाराला चारशे. तिची चूक एकच, घाई. चार विटा भराभर लावायची आणि पाचवीला कळायचं की दुसरी बसलेली नाही. पिराजी काही न बोलता थापीच्या मुठीने ती वीट ठोकायचा. वीट हलली की वरच्या सगळ्या काढायच्या.

जानेवारी संपला तेव्हा तिचे शहाण्णव दिवस भरले होते. आणि सिमेंट संपलं. तेव्हा सिमेंट परवान्यावर मिळायचं. आज येईल, सोमवारी येईल, असं करत काम बंदच पडलं. बायका परत गेल्या, गवंडी गावाकडे गेले. साठ दिवस बाकी होते आणि एप्रिलअखेर तेरा आठवड्यांवर. महिनाभर असंच गेलं तर गणित संपलं.

अप्पासाहेब पुन्हा घरी आले. "आता तरी सही घ्या. एवढं केलंय तिने. मी पिराजीला सांगतो, या खेपेला नाही म्हणणार नाही तो."

हयवदनराव मुलीकडे बघत होते.

"नको, काका," नीरजा म्हणाली. "साठ दिवस राहिलेत."

"अगं, पण काम कुठे आहे?"

"सिमेंटचं नाही. चुन्याचं असेल."

दुसऱ्या दिवशी येलहंक्याला जाऊन तिने पिराजीला हेच विचारलं. तो बिडी विझवून म्हणाला, "होसकोट्याला हिरीचं काम हाय. दगड आणि चुना. मी उद्या चाललोय. पण ते गोल हाय पोरी, आणि ऱ्हावं लागंल तिथंच. भागू असंल माझ्यासंगं."

घरी हे सांगितल्यावर वसुमतीबाईंनी हातातलं पातेलं खाली आदळलं. "विटा झाल्या, आता विहीर! महिनाभर परक्याच्या खोपटात! बिंदुमाधवाच्या आईला कळलं तर होकार घ्यायलाही कुणी उरणार नाही."

"मग तेवढंच काम कमी," नीरजा म्हणाली.

"बघा, कशी बोलते! तुम्ही काहीतरी सांगा हो."

हयवदनरावांनी चष्मा पुसला. "फॉर्ममध्ये काम कुठे करावं ते लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "कुणी करावं तेवढं लिहिलंय."

वसुमतीबाईंनी पातेलं उचलून चुलीवर ठेवलं. मग विचारलं, "तिथे खाणार काय?" आणि डबाभर चटणीपूड कुटायला घेतली.

होसकोट्याची विहीर जुनी होती. वरचे बारा फूट ढासळले होते. ते काढून नव्याने बांधायचं होतं. सरळ भिंतीला ताणलेल्या दोरीचा आधार असतो, गोलाला नाही. विहिरीवर आडवी तुळई टाकून मध्यावर खिळा, खिळ्याला दोरी, आणि दोरीच्या टोकाला प्रत्येक दगडाचं तोंड टेकवून बघायचं. दगड तासून तोंड किंचित आत वळवायचं. एका थराला चौतीस दगड. खाली चाळीस फुटांवर पाणी आणि पायाखाली दोन फळ्या. पहिल्या दिवशी नीरजेने फळीवर पाय ठेवला आणि आधी खाली पाहिलं. पिराजीने तिच्या कमरेला दोर बांधला, तो तुळईला अडकवला आणि म्हणाला, "पाण्याकडं बघू नगंस. पाणी कुठं जात न्हाई."

चुन्याने बोटं फाटतात. सिमेंटपेक्षा वाईट. भागुबाई संध्याकाळी तिच्या बोटांना खोबरेल लावायची आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची. तिसऱ्या थराला एक दगड बोटभर पुढे आला होता, म्हणून पिराजीने सगळा थर काढायला लावला, त्या दिवशी ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला माणसाची दया न्हाई गं. दगडाची हाय."

"दगूड बोलत न्हाई," पिराजी भाकरी मोडत म्हणाला. "त्याच्या वतीनं कुणीतरी बोलाय नगं?"

नीरजेने तो थर पुन्हा लावला. एक पूर्ण दिवस गेला. पण पुढचे थर काढावे लागले नाहीत.

विहीर तीस दिवसांत झाली. तोवर येलहंक्याला सिमेंट आलं होतं. मार्चात तीन दिवस तिला ताप होता. ते तीन दिवस धरले गेले नाहीत, आणि तिने धरा म्हटलंही नाही. तीस एप्रिलला एकशे छप्पन्नावा दिवस उजाडला. अप्पासाहेबांची मोटार दुपारीच येऊन उभी होती. मोठ्या टपाल कचेरीत संध्याकाळपर्यंत पोचलं पाहिजे होतं. त्यांनी दोनदा भोंगा वाजवला.

"मेस्त्री," नीरजेने पाडावरून विचारलं, "आज चारला सोडता?"

"शिट्टी कवा हाय?"

"पाचला."

"मग?"

पाचला शिट्टी झाली. पिराजीने तिच्या त्या दिवसाच्या भिंतीला ओळंबा लावला, तीन ठिकाणी. मग हात धुतले, कोरडे केले आणि फॉर्म मांडीवर घेतला. सही केली, देवनागरीत, पूर्ण नावाची. खाली एक मोकळी जागा होती.

"हितं काय लिवायचं?"

"शेरा. कामाबद्दल तुमचं मत."

त्याने बराच वेळ घेतला. मोटारीचा भोंगा वाजत होता. त्याने लिहिलं: हात बरा आहे. घाई करते.

टपाल कचेरीच्या ओट्यावर हयवदनराव टाक-दौत घेऊन बसले होते. मराठी शेऱ्याखाली इंग्रजी भाषांतर त्यांना द्यायचं होतं. वसुमतीबाईही आल्या होत्या. खांद्यावरून वाकून त्यांनी वाचलं.

"दुसरं वाक्य गाळा हो. कुणाला कळणार आहे?"

"मला," हयवदनराव म्हणाले, आणि दोन्ही वाक्यं उतरवली. सहा वाजायला दहा मिनिटं असताना पाकीट आत गेलं. वसुमतीबाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "आता बिंदुमाधवाच्या आईला पत्र कोण लिहिणार?"

"तेही मीच," हयवदनराव म्हणाले.

जुलैत उत्तर आलं. नोव्हेंबरात नीरजा श्टुटगार्टला पोचली. पहिला हिवाळा कठीण गेला. व्याख्यानातले चारातले तीन शब्द डोक्यावरून जात. चौथ्याच्या आधाराने ती लिहून घेई. नकाशे मात्र तिला वाचता येत होते, आणि हातही चालत होता. वर्गातली मुलं भिंत म्हणून दोन रेघा ओढायची. ती रेघा ओढताना आत विटा मोजायची.

ईस्टरला वसतिगृह बंद झालं. मुलं घरी गेली. नीरजेने नकाशा काढला आणि स्वित्झर्लंडच्या दक्षिणेचं, इटलीच्या हद्दीजवळचं एक डोंगरातलं गाव निवडलं. तिथल्या घरांची छपरंसुद्धा दगडाची असतात, असं तिने वाचलं होतं. भिंत दगडाची ठीक; छप्पर दगडाचं कसं टिकतं, ते तिला हाताने बघायचं होतं.

गावात चाळीस घरं. एका विधवा म्हातारीकडे तिला खाट मिळाली. बायका पाठीवर निमुळत्या टोपल्या बांधून चढ चढत होत्या, ओणवं होऊन, मोजक्या पावलांनी. नीरजेने एक टोपली मागून घेतली. ओझं डोक्याऐवजी खांद्यावर आलं की चाल वेगळीच लागते. पन्नास पावलांत ती दोनदा बसली आणि बायका खदखदून हसल्या. मग एकीने तिचे पट्टे घट्ट केले. दुपारी म्हातारीने मक्याचं पीठ रटरटत शिजवून पाटावर ओतलं आणि दोऱ्याने कापून वाढलं. नाचणीच्या उकडीचा, आपल्या रागीमुद्द्याचा, भाऊच तो. नीरजेने हाताने गोळा मोडून खाल्ला. म्हातारीने आधी पाहिलं, मग आपलाही काटा बाजूला ठेवला.

द्राक्षांच्या उतारावर एक म्हातारा गवंडी पडलेला बांध रचत होता. माल नाही, चुना नाही. नुसता दगडावर दगड. तरुणपणी तो कामासाठी उत्तरेत जाऊन आला होता, त्यामुळे मोडकं जर्मन बोलत होता. तिच्याइतकंच मोडकं.

"काय बघतेस?"

"मी पण बांधते."

तो हसला. इथेही बायका दगड वाहत होत्या, लावत नव्हत्या. त्याने तिचा हात मागितला. तळवा उलटा करून घट्टे पाहिले, चुन्याने पांढरे पडलेले बोटांचे व्रण पाहिले, अंगठ्याने एकावरून चाचपलं. मग बाजूला सरकला.

"लाव."

तिने ढिगातून एक दगड उचलला, ठेवून पाहिला, काढला, फिरवला, पुन्हा ठेवला. डुगडुगला. परत काढला. म्हातारा घड्याळ न बघता उभा होता. चौथ्या खेपेला दगड बसला. त्याने पायाने ढकलून पाहिला आणि पुढचा दगड दाखवला. आठ दिवस ती त्याच्या शेजारी होती. नवव्या दिवशी बांध पूर्ण झाला आणि त्याने तिला छपरावर चढवून दगडी फरशा एकमेकींवर कशा कलत्या बसवतात ते दाखवलं.

या प्रवासाला शिष्यवृत्तीचा पैसा लागला नाही. येलहंक्याची आणि होसकोट्याची मजुरी वसुमतीबाईंनी घरखर्चात घेतली नव्हती. मुलीच्या मजुरीवर घर चालत नाही म्हणाल्या होत्या. बुट्टीच्या दिवसांची बाईची मजुरी आणि थापीच्या दिवसांची गवंड्याची, दोन्ही नीरजेने परदेशी चलनाची रीतसर परवानगी काढून बरोबर आणली होती आणि हिवाळाभर हात लावला नव्हता. त्या मजुरीतून जाण्यायेण्याचं सगळ्यात स्वस्त वर्गाचं भाडं निघालं, नऊ रात्रींची खाट निघाली, आणि नऊ दिवसांचं मक्याचं पीठ.